सातव्या ग्रीनवरची अकरा पावलं

गोल्फच्या मैदानाचं गवत राखण्याच्या धंद्यात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एक खोड हमखास जडते. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू आदळून पडलेला खळगा दिसला, की तो बुजवल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. बायको दवाखान्यात असो, डोक्यावर विजा कडाडत असोत, तो खिशातून दोन दातांचं चिमुकलं हत्यार काढतो, वाकतो, खळग्याच्या कडा आत ढकलतो, बुटाने थोपटतो आणि मगच पुढे निघतो. खळगे सभासद पाडतात. बुजवणारे पाडत नाहीत, कारण त्यांना सोमवारशिवाय खेळायला परवानगी नसते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी सहा वाजता, गार्लंड प्रुइट याच खोडीपायी सातव्या ग्रीनवर अकरा पावलं चालत गेला, खळगा बुजवला, आणि सहज मागे वळून पाहिलं तर दवात अकरा निळे ठसे उमटले होते.

निळा रंग औषधाचा नव्हता, औषधात मिसळलेला होता. कुठे फवारलं आणि कुठे राहिलं हे फवारणाऱ्याला कळावं म्हणून टाकीत रंग टाकतात. औषध स्वतः पाण्यासारखं, बिनवासाचं, सज्जन दिसणारं होतं. अमेरिकेच्या उत्तर जॉर्जियातल्या त्या क्लबात फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या लांब पट्ट्यावर, बर्म्युडा गवत होतं. हे उन्हाळ्यात माजतं आणि हिवाळ्यात पिवळं पडून झोपी जातं. त्याच्या झोपेचा फायदा घेऊन पोआ नावाचं फिकट हिरवं तण फेअरवेत घुसतं आणि वसंतात असं मिरवतं, की जणू क्लबाचं सभासदत्व त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. औषध या पोआला मारायचं आणि बर्म्युडाच्या केसालाही धक्का लावायचं नाही. अडचण एवढीच, की ग्रीनवर बर्म्युडा नव्हतं. तिथे बेंट होतं, रेशमासारखं, लाडावलेलं, उन्हात कोमेजू नये म्हणून दुपारी ज्याच्यावर माणसं पाणी शिंपडतात ते. आणि बेंट पडलं पोआच्याच भावकीतलं. औषधाला दोघांतला फरक कळत नाही.

शिवाय औषध सावकाश मारतं. दहा-बारा दिवस काही दिसत नाही, मग पिवळं पडतं, मग मरतं.

हे सगळं गार्लंड नव्या माणसांना दर वर्षी शिकवायचा. त्याची एक आवडती ओळ होती: 'फवारलेल्या गवतातून ग्रीनवर जाणारा माणूस आपली सही करून जातो.' माणसं हसायची. तो स्वतः फवाऱ्याच्या गाडीमागोमाग फेअरवेवरून चालत आला होता, पट्टे नीट जुळतायत का बघत, आणि खळगा दिसल्यावर पाय आपोआप वळले होते.

त्याने तिथल्या तिथे बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांवर ग्रीनच्या मागच्या बाजूने खाली उतरला.

उपाय होता. शेडमध्ये कोळशाच्या पुडीची दोन पोती अशाच प्रसंगासाठी ठेवलेली होती. तासाभरात ठशांवर पूड पसरली असती तर कोळशाने औषध शोषून घेतलं असतं, गवत बहुतेक वाचलं असतं. पण हिरव्या ग्रीनवर काळा कोळसा आठवडाभर दिसतो. मग कोणी तरी विचारतं, आणि कोणाला तरी सांगावं लागतं. जूनअखेर मिस्टर रॉयस हॅटली निवृत्त होणार होते. तेहेतीस वर्षं त्या गवताचे ते कारभारी होते. मे महिन्यातल्या बैठकीत ते समितीला आपल्या जागी बसणाऱ्याचं नाव सांगणार होते आणि चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेल्या गार्लंडला ते नाव आपलंच आहे हे ठाऊक होतं. मधे फक्त एक बैठक आणि एक हिरवी ग्रीन उभी होती.

त्याने पोती जिथे होती तिथेच राहू दिली. कापणीवाल्यांना निरोप धाडला, की सातवी आज राहू द्या, ओल फार आहे. दहा वाजेपर्यंत उन्हाने निळा रंग उडाला. ग्रीन पुन्हा निर्मळ दिसू लागली. आता त्याच्याकडे दहा दिवस होते, आणि दहा दिवसांत माणूस पुष्कळ विचार करू शकतो.

त्या पहाटे मैदानावर तिघंच होते. मिस्टर रॉयस, ज्यांचा पाय एखाद्या शाळकरी मुलीएवढा होता, गार्लंड, आणि फवाऱ्यावर बसलेले ओडेल वीम्स. ओडेल एकसष्ट वर्षांचे, एकोणीस वर्षं क्लबात. त्यांचा आणि गार्लंडचा बुटाचा नंबर एकच होता, तेरा. शेडच्या दारात सगळ्यांचे बूट असले, की त्यातल्या दोन जोड्यांना माणसं होड्या म्हणायची आणि नदीला पूर कधी येणार ते विचारायची.

बुधवारी संध्याकाळी गार्लंडने आपले बूट वरून पॉलिश केले. चामडं आरशासारखं झालं. तळाला त्याने हात लावला नाही. तळाच्या खाचांत निळा रंग होता, तो तिथेच बरा होता.

"मला चावतात हो," तो ओडेलना म्हणाला. "दोन महिन्यांत चारदा घातले असतील. तुमचे तर आता बोटं मोजून दाखवतायत."

ओडेलनी बूट हातात घेऊन आलटूनपालटून पाहिले. मग तिथेच बाकावर बसून घातले, नाड्या बांधल्या, उभे राहून टाचा आपटल्या.

"वर्ना असती तर म्हणाली असती, ओडेल, आता तरी सरळ चाल," ते म्हणाले. "तू फार चांगला पोरगा आहेस रे."

जुने बूट त्यांनी कचऱ्याच्या पिंपात टाकले आणि नव्यांतच घरी गेले.

वर्ना त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून ओडेल थोडे हुकले होते. शेगडी चालू ठेवून बाहेर जायचे. एकदा शनिवारीच कोट घालून चर्चला गेले आणि दार बंद बघून, पाद्रीबाबा आजारी असतील म्हणून सूप करून घेऊन गेले. हे किस्से ते स्वतःच रंगवून सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी हसायचे. त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं, की ओडेलना वार लक्षात राहत नाहीत. ही माहिती कधी कोणाच्या उपयोगी पडेल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं.

वर्नाने त्यांना एक शिस्त मात्र लावून ठेवली होती. कोणी काही दिलं, मग ती टमाट्याची पिशवी का असेना, की त्याच रात्री आभाराचं कार्ड लिहायचं. तिच्या कपाटात अजून अर्धा खोका कार्डं होती. गुरुवारी सकाळी एक निळ्या फुलांचं कार्ड गार्लंडच्या टेबलावर आलं. मिस्टर रॉयसनी ते वाचलं, खूश झाले आणि आपल्या कचेरीतल्या बोर्डाला टाचणीने लावून टाकलं. म्हणाले, रीतभात जाणणारा एक माणूस तरी या शेडमध्ये आहे, बाकीच्यांनी येताजाता बघा. पहिले दोन दिवस बाकीच्यांनी बघितलं. नंतर बोर्डावरच्या इतर कागदांसारखं तेही दिसेनासं झालं.

अकराव्या दिवशी, शनिवारी, ठसे वर आले.

आधी फक्त पहाटेच्या तिरप्या उजेडात दिसायचे, फिकट, कोणी नुकतंच चालून गेल्यासारखे. सोमवारपर्यंत ते चिवड्यातल्या शेवेइतके पिवळे झाले. अकरा मोठाले पाय, ग्रीनच्या तोंडापासून मधोमध आलेले आणि तिथेच संपलेले. आत जाणारे अकरा, बाहेर येणारं एकही नाही. सभासद गाड्या थांबवून बघत होते. एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, की गेला तो माणूस वर गेला की खाली. पाहुण्यांना घेऊन खेळण्याची वार्षिक स्पर्धा पंधरा दिवसांवर होती.

ग्रीन समितीचे अध्यक्ष डॉक्टर लॅथ्रोप दातांचे डॉक्टर होते. पोरांचे वाकडे दात तारांनी सरळ करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि वाकडी गोष्ट दिसली की तिचा साचा घ्यायचा हा त्यांचा स्वभाव बनला होता. त्यांनी एका ठशावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढून आणली. मंगळवारच्या बैठकीला बाकीची समिती आलीच नाही. डॉक्टर एकटे कागदाची सुरळी घेऊन थेट शेडमधल्या कचेरीत आले.

"मला शिक्षा करायची हौस नाही," ते म्हणाले. "पण पाहुणे विचारतील तेव्हा मला एक नाव सांगता आलं पाहिजे. उत्तराधिकाऱ्याचं आपण त्यानंतर बोलू. हे जर वरच्यांचंच काम निघालं, तर बाहेरून माणूस आणावा असं समितीत दोघातिघांचं मत आहेच."

हे बोलताना त्यांनी गार्लंडकडे पाहिलं नाही, म्हणजे अगदी सभ्यपणे पाहिलं नाही.

मग एकेकाने कागदावर पाय ठेवला. कापणीवाले, पाणीवाले, सगळे. प्रत्येकाचा पाय रेषेच्या आत हरवायचा आणि प्रत्येक जण सुटल्यासारखा हसायचा. गार्लंडने आपण होऊन पाऊल पुढे केलं. तो आता रबरी तळाच्या कापडी बुटांत होता. त्यांचा तळ आखूड आणि टोकाला गोल, तो रेषेशी जुळला नाही. डॉक्टरांनी मान हलवली. मग ओडेलनी पाय ठेवला आणि रेषा नाहीशी झाली.

डॉक्टरांनी त्यांना बूट काढायला लावले, एक उलटा केला आणि दात तपासायची ती बारीक आकडी खिशातून काढून खाचेतून निळा कण बाहेर काढला.

"हे बूट तुमचे?"

"हो साहेब. गार्लंडने दिले मला."

"कधी?"

ओडेलनी छताकडे बघून बोटांवर मोजलं. "फवारणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मला वाटतं. बुधवारी."

कचेरीत पंखा फिरत होता. गार्लंड फार मऊ आवाजात बोलला. आजारी माणसाशी बोलावं तसं.

"सोमवारी दिले, मिस्टर ओडेल. मंगळवारी तुमच्या रबरी बुटांत पाणी शिरत होतं, म्हणून तुम्ही हे घालून फवाऱ्यावर बसलात. मी म्हणालोसुद्धा, चामड्याचे नका घालू. आठवत नाही?"

रबरी बूट खरोखरच फुटले होते. ओडेल दोन महिने नवे मागत होते, आणि ते मागवायचं काम गार्लंडकडे होतं. ओडेल त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या नजरेत संशय असता तर गार्लंडला सोपं गेलं असतं. त्यात नुसता शोध होता. माणूस घरातल्या सगळ्या खोल्या उघडून चष्मा शोधतो तसा.

"तू म्हणाला होतास?"

"दोनदा."

"मी ग्रीनवर चढलो होतो?"

"खळगा बुजवायला. आपण सगळेच करतो हो. सवयच ती."

"मग असेल," ओडेल म्हणाले. "तू म्हणतोस तर असेल. वर्ना असती तर तिला विचारलं असतं."

याच वेळी गार्लंडची नजर वर गेली. डॉक्टरांच्या डोक्याच्या बरोबर मागे, बोर्डावर, निळ्या फुलांचं कार्ड होतं. 'प्रिय गार्लंड, आज दिलेल्या बुटांबद्दल मनापासून आभार. माझ्या पायांना इतका मान कोणी दिला नव्हता.' आणि कोपऱ्यात, वर्नाच्या शिस्तीप्रमाणे, वार आणि तारीख. बुधवार. मिस्टर रॉयसही तिकडेच बघत होते. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला. एवढ्या वेळात राज्यं उलथतात.

"चामड्याचे बूट घालून फवारणी करायची नाही," मिस्टर रॉयस म्हणाले, "हा आपला नियम आहे, ओडेल."

"आहे, मिस्टर रॉयस."

"ठीक आहे मग."

नाव मिळाल्यावर डॉक्टर एकदम मोकळे झाले. त्यांनी ओडेलच्या खांद्यावर हात ठेवला, एकोणीस वर्षांचा उल्लेख केला, निवृत्तीचं वय कधी ना कधी सगळ्यांचंच होतं असं सांगितलं. सप्टेंबरात ओडेलना वीस वर्षं होणार होती. वीस वर्षं झालेल्या नोकराला क्लब पुढच्या दाराने आत घेऊन मोठ्या हॉलमध्ये जेवण देतो, तळलेलं चिकन आणि पीच पाय, आणि ओडेलनी त्यासाठी कोट घेऊन ठेवला होता हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांनी तो दोनदा आणून दाखवला होता. जेवणाचं कोणी बोललं नाही. ओडेल निघताना दारात थांबले आणि गार्लंडकडे वळले.

"माझ्यापायी तुझं नाव खराब व्हायला लागलं होतं, पोरा," ते म्हणाले. "माफ कर."

ते गेले ते मोज्यांवर. बूट डॉक्टरांच्या हातात राहिले होते. डॉक्टरांनी ते पुरावा म्हणून ठेवावेत की काय असा क्षणभर विचार केला, मग एका कापणीवाल्याच्या हाती त्यांच्यामागे धाडून दिले.

डॉक्टरांची गाडी गेल्यावर मिस्टर रॉयस उठले, बोर्डावरची टाचणी काढली आणि कार्ड गार्लंडपुढे ठेवलं.

"हे तुझ्या नावचं आहे."

गार्लंडने कार्ड उचललं. बोलण्यासारखं जे होतं ते तो मघाशी बोलून बसला होता.

"पावलं बाहेर आली नाहीत, हे मला शनिवारीच खटकलं," मिस्टर रॉयस म्हणाले. "ओडेल असता तर आला तसाच परत गेला असता. बावीस उमटली असती. बूट काढून कोण जातं? ज्याला कळलंय तो. आणि ज्याला सहाला कळलं, त्याने सात वाजता कोळसा टाकला असता तर मी आज हसून सोडून दिलं असतं. समितीला सांगितलं असतं की मीच चढलो. जून संपला की मला काय."

"मग आता का नाही बोललात?"

मिस्टर रॉयसनी टाचणी बोर्डाला परत टोचली.

"या जागेला गवत कळणारा माणूस लागतो असं मी तेहेतीस वर्षं समजत होतो. गवत आपलं आपण वाढतं. सभासदांना दर वर्षी दोष टाकायला एक नाव लागतं. मला ते देता यायचं नाही, म्हणून माझं पोट बिघडलं. तुझं नाही बिघडणार." त्यांनी टोपी उचलली. "तुझंच नाव देणार आहे मी. ओडेलचा थर्मास राहिलाय, तो पोचवून ये."

ओडेलचं घर गावाबाहेर होतं. पुढे छोटं अंगण आणि अंगणात फेस्क्यू गवत. वर्नाने लावलेलं. बेंटच्याच भावकीतलं. त्या भागात ते उन्हाळ्यात जगत नाही; ओडेल रोज अंधार पडल्यावर झारीने पाणी घालून ते जगवत होते. गार्लंडने फाटक उघडलं आणि तिथेच थबकला. फाटकापासून पायरीपर्यंत, पायरीपासून पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून परत, पिवळी पावलं. तेरा नंबरची. इथे मात्र गेलेलीही होती आणि आलेलीही.

ओडेल पायरीवर अनवाणी बसले होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मला मनातून वाटत होतं, की नसेन चढलो. खोटं कशाला बोलू, तुझ्याबद्दलही जरा वाईट विचार आला. मग घरी येऊन हे बघितलं. सकाळी निघताना अंधार, पाणी घालतानाही अंधार, त्यामुळे कळलंच नव्हतं. तिथेही मी, इथेही मीच." त्यांनी मान हलवली. "तिचं गवत मारलं रे मी."

गार्लंड हातात थर्मास धरून उभा होता. बोलायचं तर हीच वेळ होती. अंगणात दोघंच होते आणि कोणाच्या हातात कागद-पेन्सिल नव्हती. त्याच्या तोंडात पहिला शब्द आलासुद्धा.

"पुन्हा पेरता येईल," तो म्हणाला. "सप्टेंबरात. बी मी देतो."

"देशील? तू फार करतोस माझ्यासाठी." ओडेल आत गेले आणि बूट घेऊन आले. घासून धुतलेले, तळाची प्रत्येक खाच काडीने कोरून साफ केलेली. "हे घेऊन जा. जपून चालणाऱ्याच्या पायात असलेले बरे."

गार्लंडने ते घेतले. आठ दिवसांनी टपालाने कार्ड आलं. पिवळ्या फुलांचं. बियाण्याबद्दल आगाऊ आभार, आणि कोपऱ्यात तारीख. सप्टेंबर आला तेव्हा क्लबात नवा फवारा येत होता, त्या गडबडीत बी राहून गेलं.

मेलेले ठसे स्पर्धेपूर्वी कापून काढले आणि राखीव वाफ्यातलं बेंट त्या जागी बसवलं. काम सुरेख झालं. फक्त वाफ्यातलं गवत एका छटेने गडद होतं. ही छटा एखाद-दोन वर्षांत मिसळून जाते असं गार्लंड सभासदांना सांगतो. मिसळलेली नाही. पहाटे दव असताना सातव्या ग्रीनवर अकरा गडद हिरवी पावलं चालत जातात आणि मधोमध थांबतात. सभासदांना आता ती आवडतात. पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात. त्या ओळीने चेंडू लोटला तर नेमका भोकात जातो असा समज आहे, आणि तिला 'ओडेलची वाट' म्हणतात. डॉक्टर लॅथ्रोप ती गोष्ट फार छान सांगतात, बटर पेपरसकट.

गार्लंड त्यांच्या शेजारी उभा असतो, मुख्य कारभाऱ्याची पांढरी टोपी घालून, आणि योग्य जागी हसतो. परवा एका पाहुण्याने सहज त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, तुमचाही पाय काही लहान नाही हो. डॉक्टरांना ते फार विनोदी वाटलं. त्यांनी गार्लंडला दंडाला धरून पहिल्या गडद ठशापाशी नेलं, ठेवून बघ म्हणाले, आणि त्याने पाय ठेवला. मग सगळ्यांच्या आग्रहाखातर दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तो अकरापर्यंत चालत गेला. पावलाचं अंतरसुद्धा जुळत होतं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या.

अकराव्याच्या शेजारी एक ताजा खळगा होता. गार्लंडने हत्यार काढलं, वाकला आणि बुजवला.